जुन्या टाटा ४०७ची डिझेल लाइन घरच्या घरी कशी तपासावी

सेल्फ फिरतो पण इंजिन पकडत नाही. किंवा पकडतं, पण माल भरून घाट चढायला लागलं की पिकअप जातो. जुन्या ट्रकचं असं काही सुरू झालं की सगळ्यांचा पहिला संशय डिझेल पंपावर जातो आणि पंप उतरवून पंपवाल्याकडे न्यायची घाई होते. ती करू नका. पंप हा सगळ्यात महागाचा भाग आहे, म्हणून त्याच्यावर संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा. त्याच्या अलीकडे, म्हणजे टाकीपासून फीड पंपापर्यंत (टाकीतलं डिझेल ओढून पुढे ढकलणारा छोटा पंप), रबरी पाइप, क्लिपा, चाळणी आणि तांब्याचे वायसर (जोडात बसणाऱ्या चकत्या) अशा स्वस्त वस्तू आहेत. जुन्या गाडीत बऱ्याचदा खोट तिथेच निघते.

इथे सांगितलेलं आहे ते पूर्ण मेकॅनिकल इनलाइन पंपाच्या गाड्यांसाठी: १९८६ साली आलेली टाटा ४०७ आणि तिच्या पुढची जुनी मॉडेलं, टाटाचीच १२१०, त्या काळच्या अशोक लेलँड. ओळखायचं कसं? पंपाच्या डोक्यावर एका रांगेत चार किंवा सहा लोखंडी नळ्या दिसतात आणि प्रत्येक नळी एकेका नोझलकडे, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोटीकडे जाते. कॉमन रेलच्या (सगळ्या नोझलना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या नव्या) गाडीचे नोझल पाइप मात्र चालू इंजिनावर कधीही ढिले करू नका. तिथला दाब हजार बारच्या वर जातो.

तयारी फार लागत नाही. रिंग पाने, स्क्रू ड्रायव्हर, पाच लिटरचा स्वच्छ कॅन, हातभर पारदर्शक डिझेल पाइप, नवे तांब्याचे वायसर, भरपूर फडकी आणि डोळ्यांना चष्मा. गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, चाकाला लाकडी ठोकळा द्या, गिअर न्यूट्रलला ठेवा. बिडी-सिगारेटवाल्याला लांब उभं करा. आणि नोझलच्या फवाऱ्यासमोर हात कधीच धरू नका. डिझेल कातडीत घुसलं तर वरून नुसतं सुई टोचल्यासारखं दिसतं, दुखतही नाही फारसं. तरी त्याच क्षणी हॉस्पिटल गाठायचं, हळद दाबून घरी बसायचं नाही.

आधी न खोलता बघायच्या गोष्टी

काट्यावर विश्वास ठेवू नका. जुन्या गाडीचा डिझेलचा काटा अर्ध्यावर अडकून बसलेला असतो, म्हणून टाकीत काठी घालून बघा. मग पंपावरचा स्टॉपचा लिव्हर बघा. केबल गंजून लिव्हर बंद बाजूलाच राहिला असेल तर दिवसभर सेल्फ मारूनही उपयोग नाही. आणि सेल्फच मरगळलेला फिरत असेल तर आधी बॅटरी चार्ज करा, डिझेलचं नंतर.

आता एकाला सेल्फ मारायला लावा आणि तुम्ही सायलेन्सरच्या तोंडाशी उभे राहा. धूर अजिबात नाही, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. पांढरट, डोळ्यांना झोंबणारा धूर येतोय, तर डिझेल पोचतंय पण जळत नाही. तिथे थंडी, डिझेलमधलं पाणी, टायमिंग (डिझेल फवारण्याची वेळ) किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाणं) यांच्याकडे बघा. चढावर काळा धूर ओकत असेल तर आधी एअर फिल्टर काढून झटका, मग नोझल. निळा धूर इंजिन ऑइलचा. त्याचा डिझेल लाइनशी संबंध नाही.

हवा

सकाळी गाडी चालू व्हायला रडते आणि एकदा झाली की दिवसभर ठीक, हे हवा घेत असल्याचं ठरलेलं लक्षण. रात्रभरात डिझेल मागे टाकीत उतरतं आणि लाइनमध्ये हवा बसते. इथे एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. टाकी ते फीड पंप ही ओढणारी बाजू आहे. तिथे फट असेल तर डिझेल बाहेर गळेलच असं नाही, हवा आत शिरते. फीड पंपाच्या पुढे दाबाची बाजू. तिथली फट ओली दिसते. त्यामुळे ‘कुठेच गळत नाही, मग हवा कुठून येणार?’ या प्रश्नाला अर्थ नाही. कोरड्या दिसणाऱ्या जोडातूनच ती येते.

हवा काढायची ती अशी. फिल्टरच्या डोक्यावरचा एअर स्क्रू दोन आटे ढिला करा आणि फीड पंपावरचा हँड प्रायमर (हाताने दाबायचा गट्टू) मारत राहा. आधी पांढरा फेस येतो, मग फुस्स-फुस्स करत तुटक थेंब उडतात आणि शेवटी काचेसारखी नितळ, अखंड धार लागते. धार चालू असतानाच स्क्रू आवळा, प्रायमर थांबवून नाही. मग हेच मोठ्या डिझेल पंपावरच्या स्क्रूला करा. तरीही पकडत नसेल तर नोझलकडचे पाइपाचे नट एकेक आटा सोडा, सेल्फ मारा आणि डिझेल उसळलं की आवळा. प्रायमरचा गट्टू शेवटी दाबून घट्ट फिरवून बसवा. तो सैल राहिला तर तिथूनच हवा घेतो.

बराच वेळ प्रायमर मारूनही फेस संपत नसेल, तर हवा काढत बसू नका, हवेची वाट शोधा. फीड पंपाच्या आधी तो पारदर्शक पाइप जोडा आणि इंजिन चालवा. बुडबुड्यांची माळ दिसली की चोर टाकीकडच्या बाजूला. बहुतेकदा सापडतो तो क्लिपेखाली चिरलेला रबरी पाइप. वरून पाइप धडधाकट दिसतो, क्लिप सरकवून वाकवला की चीर उघडते. क्लिप आणखी आवळून हे बरं होत नाही, पाइपच बदला. बँजो बोल्ट (पाइपाच्या टोकाचा पोकळ बोल्ट) उघडला की दोन्ही बाजूंचे वायसर नवे घाला. जुना वायसर उलटा करून बसवणं हे गॅरेजमधलं लाडकं काम आहे आणि महिनाभरात ते परत त्याच जागी आणून सोडतं.

कॅनची चाचणी

मला विचाराल तर सगळ्यात कामाची चाचणी हीच. कॅनमध्ये गाळलेलं डिझेल घ्या आणि फीड पंपापेक्षा उंच, केबिनजवळ पक्का बांधा. टाकीकडून येणारा पाइप फीड पंपावरून सोडून त्याचं तोंड बंद करा आणि कॅनमधला पाइप तिथे जोडा. रिटर्नचा (उरलेलं डिझेल परत नेणारा) पाइप टाकीतच जाऊ द्या, फक्त कॅन रिकामा होत नाही ना यावर नजर ठेवा. हवा काढून गाडी चालू करा.

गाडी छान चालली, रेसही घेतली, तर पंप, फिल्टर, नोझल सगळे सुटले. दोष टाकी, तिच्यातली चाळणी किंवा मधल्या पाइपात. टाकीचं झाकण काढून, पाइप दोन्हीकडून मोकळा करून, सायकलच्या पंपाने टाकीच्या दिशेला हवा मारा. आत बुडबुड्यांचा आवाज यायला हवा. टाकीच्या तळाशी प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा पडलेला असला तर तो चालताना सक्शनच्या तोंडावर चिकटतो, गाडी बंद पडली की सुटतो. असा दोष माणसाला वेड लावतो. झाकणाचं बारीक भोक मातीने बुजलं तरी तसंच होतं: काही किलोमीटरवर गाडी दम तोडते आणि झाकण उघडलं की ‘सूं’ करून हवा आत जाते.

कॅनवरही गाडी तशीच रडत असेल तर पुढे चला.

फीड पंप आणि फिल्टर

फीड पंपाच्या तोंडाशी जाळी असते. ती आधी धुवा, पुष्कळांना ती आहे हेच ठाऊक नसतं. मग त्याचा पुढचा पाइप काढून बाटलीत धरा आणि सेल्फ मारा. डिझेल ठोक्यागणिक जोरात यायला हवं. नुसतं ओघळत असेल तर व्हॉल्व्ह किंवा प्लंजर गेला. जाता जाता इंजिन ऑइलची पट्टीही ओढा. ऑइल वाढलेलं दिसलं आणि डिझेलचा वास आला तर डिझेल इंजिन ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतंय. तशी गाडी चालवू नका.

फिल्टरचं पाणी तळाच्या स्क्रूने काचेच्या बाटलीत काढा आणि थोडं थांबा. पाणी खाली बसतं. काळं बुळबुळीत काही निघालं तर नुसते फिल्टर बदलून भागणार नाही, टाकी उतरवून धुवावी लागेल.

नोझल

मिसिंग असेल, म्हणजे एखादा सिलिंडर साथ देत नसेल, तर चालू इंजिनावर, फडकं गुंडाळून, एकेका नोझलचा नट क्षणभर ढिला करा. आवाज पडला तर तो सिलिंडर काम करतोय. ज्याने आवाजात काहीच फरक पडत नाही, तो लंगडा. त्याचं नोझल शेजारच्याशी बदला, दोन्हीकडे नवे वायसर घालून. जुना वायसर खाली सीटवर चिकटून राहिला नाही ना ते टॉर्च मारून बघा. दोष नोझलबरोबर सरकला तर नोझल टेस्टिंगला द्या. जागेवरच राहिला तर कॉम्प्रेशन तपासून घ्या. ते ठीक निघालं की मग खुशाल पंपाला दोष द्या.

पंपाचं सील घरी तोडू नका. त्याचं कॅलिब्रेशन (डिझेलचं माप लावणं) टेस्ट बेंचवरच होतं. पंप उतरवण्याआधी त्याच्या फ्लँजवर (इंजिनाला बसणाऱ्या कडेवर) आणि इंजिनवर मिळून छिन्नीची एक सरळ खूण करा, सगळ्या नळ्यांची तोंडं स्वच्छ प्लास्टिकने बांधा, आणि पंपवाल्याला काय काय तपासून झालंय ते कागदावर लिहून द्या.