कॅम्परमध्ये वीज गेली? बॅटरी बदलायच्या आधी मीटर लावा

नाशिकच्या अंबडला माझं गाड्यांच्या वायरिंगचं काम आहे. टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेल्या कॅम्पर व्हॅन हल्ली बऱ्याच येतात. गंगापूर धरणाकडे किंवा भंडारदऱ्याला रात्र काढून आलेली मंडळी उतरल्या उतरल्या म्हणतात, “दादा, बॅटरी गेली, नवी टाका.” बहुतेक वेळा बॅटरी चांगली असते आणि खोट एखाद्या सैल थिंबलमध्ये, म्हणजे वायरीच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीत, निघते. लोकांचे हजारो रुपये असे विनाकारण जातात, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी नेमकं काय बंद आहे ते बघा. दिवे, पाण्याचा पंप, फ्रिज हे सहसा १२ व्होल्टवर चालतं. मायक्रोवेव्ह, एसी, गीझर २३० वर. दिवे लागतात पण प्लग मेला, तर इन्व्हर्टर किंवा एमसीबीकडे वळा. सगळंच बंद असेल तर बॅटरीकडे.

बॅटरी मोजताना सोलर, चार्जिंग आणि सगळा लोड बंद करून तास-दोन तास थांबा. लेड-अ‍ॅसिड असेल तर १२.६ ते १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. लिथियमला (एलएफपी) हा हिशेब लागू नाही. ती बराच काळ १३.२ च्या आसपासच दाखवते, त्यामुळे बीएमएसच्या (बॅटरीतलं तिला सांभाळणारं सर्किट) अ‍ॅपमधली टक्केवारी बघा. लिथियम अचानक शून्य दाखवायला लागली, तर ती मेली असं धरू नका. बीएमएसने तोडलेली असते. लिथियमचा चार्जर लावला की बहुधा जागी होते.

आता खरी तपासणी, आणि ती लोड चालू ठेवूनच करायची. पंप आणि फ्रिज चालू करा. बॅटरीवर १२.५ आणि फ्रिजच्या वायरीवर ११.४ आलं, तर एक व्होल्टच्या वर वाटेत गळतंय. कुठे ते शोधायला मीटरची एक पिन बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर ठेवा, दुसरी त्यावर बसवलेल्या थिंबलवर. जवळपास शून्य यायला हवं. ०.३ आलं तर तो जोड खराब. असंच एकेक जोड पुढे सरका. निगेटिव्हची बाजू विसरू नका. चेसिसच्या अर्थचा बोल्ट हा माझ्याकडे सगळ्यात जास्त सापडणारा गुन्हेगार. त्र्यंबकच्या पावसात फिरून आलेल्या गाडीत तो खोलला की थिंबलखाली तसाच राहिलेला रंग आणि त्यावर पांढरी-हिरवी पावडर दिसते. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, हातातली अंगठी-कडं काढा, मग पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासा, बोल्ट आवळा, वरून पेट्रोलियम जेली लावा. वायर पिळून टेप मारलेला जोड कसारा घाटातल्या हादऱ्यांत टिकत नाही, थिंबल क्रिंपच करा, म्हणजे पक्कडीने दाबून बसवा.

फ्यूज डोळ्यांनी बघून दरवेळी कळत नाही. लोड चालू ठेवून त्याच्या दोन्ही टोकांवर व्होल्टेज मोजा, एका टोकाला आलं आणि दुसऱ्याला नाही तर तो उडालाय. आणि उडाला म्हणून मोठा फ्यूज कधीही घालू नका. फ्यूज वायरीसाठी असतो. मोठा घातला तर आधी वायर जळेल.

मायक्रोवेव्ह लावला की इन्व्हर्टर ‘पी’ करून बंद पडतो? १२०० वॅट घेणारं यंत्र १२ व्होल्टच्या बाजूने ११० अ‍ॅम्पियरच्या आसपास खेचतं. तेव्हा बॅटरी ते इन्व्हर्टर केबल जाड आणि आखूडच हवी.

गाडी चालू असताना मागची (दिवे-फ्रिजची) बॅटरी भरत नसेल तर इंजिन चालू ठेवून दोन्ही बॅटऱ्या मोजा. पुढची (इंजिनची) १३.८ ते १४.४ आणि मागची तशीच थांबलेली, तर मधला रिले (दोन्ही बॅटऱ्या आपोआप जोडणारा स्विच) किंवा त्याचा फ्यूज बघा. बऱ्याच बीएस-६ गाड्यांत अल्टरनेटर मध्येच व्होल्टेज कमी करतो, मग साधा रिले सुटतो. तिथे पुढच्या बॅटरीवरून मागची भरणारा डीसी-डीसी चार्जरच लागतो. सोलरचं म्हणाल तर आधी पॅनल पुसा आणि सावली बघा.

फार्मस्टेवर किंवा द्राक्षबागेत प्लग लावायच्या आधी सॉकेट मोजा. फेज-न्यूट्रल २३० च्या जवळ, फेज-अर्थही तेवढंच. फेज-अर्थला काहीच आलं नाही तर तिथे अर्थिंग नाही, लावू नका. गाडीच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिणी आली तर पुन्हा हात लावू नका, जागेचा मेन स्विच बंद करा आणि परवानाधारक वायरमनला बोलवा. ३० मिलिअ‍ॅम्पियरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) सारखा पडत असेल, तर सगळी उपकरणं काढून एकेक लावत जा. ज्याला पडला, ते बाजूला ठेवा. पाणी शिरलेला गीझर हा नेहमीचा संशयित. आरसीसीबी बायपास मात्र कोणीही, कितीही सांगितलं तरी करू नका.