लिव्हरच्या पेशी कल्चर करताय, म्हणजे लॅबमध्ये वाढवताय? आधी या चुका टाळा

नवीन पोरं लॅबला आली की सगळ्यांना फक्त हेपॅटोसाइट, म्हणजे लिव्हरच्या मुख्य पेशी, हव्या असतात, कारण अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन) त्याच बनवतात आणि लिव्हरच्या आकारमानात साधारण ८० टक्के भाग त्यांचाच. पण त्या एकट्या प्लास्टिकवर ठेवल्या की थोड्याच दिवसांत चपट्या पडतात, अल्ब्युमिन घसरतं.

सगळ्यात जास्त बघितलेली चूक म्हणजे सुपरनेटंट, म्हणजे सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवल्यावर वर राहिलेलं पाणी, ओतून देणं. मे महिना होता, सोलापूरचं ऊन तुम्हाला माहितीये, सकाळी आणलेला बर्फ अकरालाच पाणी. पांढऱ्या उंदराचं लिव्हर कोलॅजिनेजनं (पेशींना धरून ठेवणारी जाळी तोडणारं एन्झाइम) सोडवण्यात अख्खी सकाळ गेलेली, ५० जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या ५० पट जोरानं) तीन मिनिटं फिरवलं, खाली हेपॅटोसाइटचा तपकिरी पेलेट, म्हणजे गाळ, मस्त बसला, आणि मी लेबल लिहीपर्यंत पोरानं वरचं गढूळ पाणी वेस्टच्या बाटलीत ओतलं. "मॅडम, त्यात काय नसतं ना?" अरे, त्यातच तर कुप्फर (लिव्हरमधल्या रोगप्रतिकारक पेशी), स्टेलेट (व्हिटॅमिन ए साठवणाऱ्या पेशी), रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशी होत्या! एक जनावर वाया गेलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

उंदराचं दोनतृतीयांश लिव्हर कापलं तरी आठ-दहा दिवसांत वजन भरून येतं, हिगिन्स आणि अँडरसन यांनी १९३१ मध्येच ही पद्धत दाखवली. या वाढीत आयएल-६ या संदेश देणाऱ्या प्रोटीनचा पहिला इशारा कुप्फर पेशी देतात, हेपॅटोसाइटच्या वाढीसाठी लागणारा एचजीएफ हा घटक स्टेलेट आणि अस्तराच्या पेशींकडून येतो. २०१३ मध्ये योकोहामाच्या ताकेबे यांच्या टीमनं लिव्हरचा कोंब (लॅबमधलं छोटं, सुरुवातीच्या अवस्थेतलं लिव्हर) बनवला तोही तीन प्रकारच्या पेशी एकत्र ठेवूनच. म्हणून मी आता ट्यूबवर आधीच मार्करनं "वरचं ठेवायचं" लिहिते, आणि ते लिहिल्याशिवाय सेंट्रिफ्यूज चालू करू देत नाही.

दुसरी चूक, स्टेलेट पेशी प्लास्टिकवर आठवडाभर वाढवून त्यांना शांत स्टेलेट म्हणणं. तोपर्यंत व्हिटॅमिन ए चे थेंब कमी झालेले असतात आणि पेशी मायोफायब्रोब्लास्ट (चट्ट्याचे तंतू बनवणाऱ्या पेशी) बनायला लागलेल्या असतात, मग त्या हेपॅटोसाइटना आधार कसल्या देतात, फायब्रोसिसच, म्हणजे लिव्हरमध्ये चट्टे पडणंच, दाखवतात. मी त्या पहिल्या दोन दिवसांतच वापरते.

अस्तराच्या पेशींची छिद्रं कल्चरमध्ये लवकर बुजतात, त्यांना थांबवून ठेवू नका.

कोलॅजिनेजचा लॉट (कंपनीची बॅच) बदलला की आधी छोटी ट्रायल घ्या, जुन्या वेळेवर विसंबू नका.

आणि पहिल्या पर्फ्युजनमध्ये, म्हणजे लिव्हरच्या रक्तवाहिन्यांतून द्रावण सोडताना, कॅल्शियम नको, कोलॅजिनेजच्या वेळी मात्र हवंच, हे उलटं केलेलं मी चार वेळा बघितलंय.