उशीर झालाच तर: कारण कसं सांगावं, खुलासा कसा लिहावा

संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या कारखान्यात सकाळी 7 ची पाळी असो की परभणीच्या सरकारी कार्यालयातली पावणेदहाची हजेरी, महिन्यातून एखादा दिवस गाडी, नळ किंवा घरचं आजारपण आडवं येतंच. वीस मिनिटांच्या उशिरानं सहसा फारसं बिघडत नाही. बिघडतं ते तो उशीर सांगण्याच्या तऱ्हेनं. बहुतेक जण कारण रचण्यात वेळ घालवतात आणि वरिष्ठाला जे हवं असतं, म्हणजे तुम्ही नक्की किती वाजता पोचणार, तेच सांगत नाहीत.

आधी वेळ, मग कारण

निरोपात तीन गोष्टी पुरतात: किती वाजता पोचणार, कुठं अडकलात आणि तोवर तुमचं काम कोण बघणार. उदाहरणार्थ: "सर, गाडी मानवत रोडला क्रॉसिंगला थांबली आहे. 10:30 पर्यंत टेबलावर असेन. आजच्या टपालाचं शेजारच्या टेबलाला सांगून ठेवलं आहे." यात माफी नाही, रडगाणं नाही आणि उलटतपासणीला जागा नाही.

निरोप हजेरीच्या वेळेआधी जायला हवा, निदान 15-20 मिनिटं आधी. पावणेदहाची हजेरी आणि निरोप 9:50 ला, तर ती पूर्वसूचना राहत नाही, सारवासारव होते. कारखान्यात व्हॉट्सॲपवर विसंबू नका. शॉप फ्लोअरवर सुपरवायझरच्या हातात मोबाईल असेलच असं नाही, म्हणून सरळ फोन करा. दुसरा फोन तुमच्या आधीच्या पाळीवाल्याला करा. रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आल्याशिवाय त्याला मशीन सोडता येत नाही आणि तुमच्या अर्ध्या तासाचा राग साहेबापेक्षा त्याच्या मनात जास्त दिवस राहतो.

"दहा मिनिटांत पोचतो" हे वाक्य कायमचं सोडून द्या. अर्धा तास लागणार असेल तर चाळीस मिनिटं सांगा आणि पस्तिसाव्या मिनिटाला हजर व्हा.

कोणतं कारण टिकतं

मराठवाड्यात गावं छोटी आणि ओळखी फार. साहेबही त्याच गाडीनं अपडाऊन करतात, नाहीतर त्यांचा मेहुणा तुमच्या गल्लीत राहतो. तेव्हा ताडून पाहिलं तर खरं ठरेल असंच कारण द्यावं.

रेल्वेचं कारण भक्कम आहे. परभणी, जालना, संभाजीनगर, मनमाड या मार्गाचा बराच मोठा भाग अजून एकेरी आहे. समोरून गाडी येत असली की आपली गाडी स्टेशनात थांबून राहते. पण गाडी कुठं आहे ते मोबाईलवर कुणालाही दिसतं. म्हणून गाडीचं आणि स्टेशनचं नाव खरं सांगा. परतूरला असताना सेलू सांगू नका.

एसटी बंद पडली तर तिकीट टाकून देऊ नका. त्याच तिकिटावर पुढच्या गाडीत बसवून देतात आणि तिकिटावर छापलेली तारीख-वेळ नंतर खुलाशाला जोडता येते.

नळाचं कारण पुण्या-मुंबईत सांगितलं तर लोक हसतील. ज्या लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं कुणी हसत नाही. संभाजीनगर-जालन्यातही पाणी काही दिवसांआड येतं, तेही अवेळी. पण पाण्याच्या पाळीचा अंदाज असतोच, म्हणून हे कारण आदल्या संध्याकाळीच सांगावं: "उद्या पाण्याची पाळी आहे, अर्धा तास उशीर होईल." सकाळी सांगितलं की ते बहाण्यासारखं वाटतं.

ऊस वाहतुकीचं कारण पहिल्या आठवड्यातच चालतं. साधारण नोव्हेंबर ते मार्च लातूर, धाराशिव, परभणीकडं कारखान्याच्या रस्त्यावर दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर असणारच. जे चार-पाच महिने रोज होतं त्याला अडचण म्हणत नाहीत. हंगामभर 15 मिनिटं आधी निघायचं.

पंक्चरचं कारण हिशेबात मार खातं. ट्यूबलेस टायरचं पंक्चर पंधरा-वीस मिनिटांत निघतं, त्यावर दीड तास कसा लावला?

आणि कुणाला मारू नका. चुलत मामा वारले म्हटलं की ऑफिसातली चार माणसं भेटायला निघतात, दहावा कधी ते विचारतात. पुढं खरोखर घरात काही झालं की लोक नुसतं एकमेकांकडं बघतात.

यंत्रानं अंगठा नाही घेतला

हे कारण खरं असतं, पण वेळेत नोंदवलं नाही तर कुणी मानत नाही. थंडीत भेगाळलेली कातडी, चुना, सिमेंट, बोटाला ओल किंवा धूळ यानं ठसा उमटत नाही. हात धुऊन पुसा. कातडी फारच कोरडी असेल तर तेलाचा थेंब चोळून लगेच पुसून घ्या. नोंदणी करतानाच दोन्ही हातांची दोन-तीन बोटं द्या. चेहऱ्याच्या यंत्रासमोर खिडकीकडं पाठ करून उभं राहू नका, मागच्या उजेडानं चेहरा काळा दिसतो. तरीही जमलं नाही तर त्याच मिनिटाला आस्थापना शाखेला किंवा एचआरला कळवा आणि रजिस्टरमध्ये वेळ लिहून सही करा. महिनाअखेर पगार कापल्यावर सांगितलेलं कुणी ऐकत नाही. बाहेरच्या कामाला घरूनच परस्पर जायचं असेल तर आदल्या दिवशी हालचाल नोंदवहीत लिहून ठेवा.

पैशाचा हिशेब

1936 च्या वेतन प्रदान कायद्यात गैरहजेरीची कपात गैरहजर राहिलेल्या वेळेच्या प्रमाणातच करायची होती. 2019 च्या वेतन संहितेतही तत्त्व तेच आहे. समजा 26 दिवसांचे 15,600 रुपये, म्हणजे दिवसाला 600. आठ तासांनी भागलं की तासाला 75. वीस मिनिटांचे झाले 25 रुपये. वीस मिनिटांसाठी 300 रुपये कापले असतील तर विचारायला हरकत नाही, लेखी आणि सभ्य शब्दांत.

बऱ्याच ठिकाणी तीन लेटमार्कला अर्धी किंवा पूर्ण किरकोळ रजा धरतात. हा हिशेब पगाराचा नसून रजेचा आहे. आपल्याकडं काय चालतं ते नेमणूकपत्रात आणि स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्याच्या कामाच्या नियमावलीत, बघून ठेवा. 1946 च्या स्थायी आदेश कायद्याखालच्या केंद्राच्या नमुना आदेशांत वारंवार उशिरा येणं हे गैरवर्तन धरलं होतं. एका दिवसाला कुणी विचारत नाही, वारंवारला विचारतात.

कारणे दाखवा नोटीस आली तर

खुलासा एका पानात बसवा. वर नोटिशीचा क्रमांक व तारीख. खाली प्रत्येक उशिराची तारीख, यंत्रावरची वेळ आणि एका ओळीत कारण. चार तारखांपैकी दोन आपल्या चुकीच्या असतील तर तसं लिहा, मग उरलेल्या दोनवर विश्वास बसतो. तिकीट, दवाखान्याचा कागद जोडा. शेवटी काय बदललं ते लिहा: "दि. 5 पासून आधीच्या बसनं येत आहे." "यापुढे असे कदापि होणार नाही" असं लिहून देऊ नका, पुढच्या वेळी तोच कागद तुमच्यापुढं ठेवतात. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.

अपडाऊनवाल्यांसाठी मोजमाप

12 कामाचे दिवस दारापासून टेबलापर्यंतची मिनिटं लिहा. समजा आठ दिवस 70 मिनिटं लागली आणि उरलेले चार दिवस 80, 85, 95 आणि 110. सरासरी येते साडेसत्त्याहत्तर. लोक या सरासरीवर निघतात आणि बारात चार दिवस लेट होतात. 95 मिनिटं धरून निघालात तर बारात एकच, म्हणजे महिन्याला साधारण दोन. तिसरा लेटमार्क टळला.

थंडीत यात आणखी दहा मिनिटं घाला. आपलं घड्याळ भारतीय प्रमाणवेळेचं, म्हणजे 82.5 अंश रेखांशावरचं. संभाजीनगर सव्वापंच्याहत्तरच्या आसपास, म्हणून सूर्य घड्याळापेक्षा अठ्ठावीसेक मिनिटं मागं असतो. जानेवारीत 7 वाजून गेल्यावर सूर्य उगवतो, म्हणजे पहिल्या पाळीचा दुचाकीवाला अंधारात, धुक्यात आणि हळू येतो.

राज्य सरकारी कार्यालयांत 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा आला आणि वेळ 9:45 ते 6:15 झाली. शनिवार सगळ्यांनी घेतला, पण अंगात अजून जुनी दहाचीच सवय आहे. पंधरा मिनिटांचा हा लेटमार्क ना गाडीचा, ना नळाचा. घड्याळाचा गजर बदलला की तो संपतो.