बीटी कपाशीतली गुलाबी बोंडअळी वेळेत कशी हेरायची

नागपूरजवळच्या हिंगणा तालुक्यात आमची कोरडवाहू कपाशी आहे. "बीटी आहे, अळी लागत नाही" हे वाक्य आजही कानावर येतं आणि जीव तुटतो.

2002 मध्ये बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेल्या वाणाला, परवानगी मिळाली, 2006 मध्ये दोन जनुकांचं वाण आलं. हिरव्या बोंडअळीच्या फवारण्या त्यानं वाचवल्या, हे खरंच. गुलाबी अळीनं मात्र दोन्ही जनुकं पचवली. ती जगते मुख्यतः कपाशीवर. आपण फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही उभं ठेवलेलं पीक, राखून तिला उन्हाळ्यापर्यंत पोसलं; अळीला बीटी पचू नये म्हणून लावायच्या बिगर-बीटीच्या ओळी बहुतेकांनी लावल्याच नाहीत. 2017 मध्ये विदर्भानं ते भोगलं.

पेरणीला दीड महिना झाला की एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावा, शेंड्याच्या फूटभर वर. सलग तीन दिवस सापळ्यामागे रोज आठ पतंग पडले, की उपाय हवाच.

पण नुसत्या सापळ्यावर राहू नका, वावरात शिरा. फुलात डोमकळी शोधा: अळीनं पाकळ्या धाग्यानं आतून गुंफलेल्या असतात, फूल उमलतच नाही, गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं राहतं. ती तोडून नष्ट करा. पुढे दर आठवड्याला एकरी वीस हिरवी बोंडं वेगवेगळ्या झाडांवरून तोडून फोडा. फोडाच, कारण अळी आत शिरली की भोक बुजतं आणि बोंड बाहेरून साफ दिसतं. लहानपणी अळी पांढुरकी असते, गुलाबी नंतर होते; सरकीजवळ नीट बघा. विसात दोन किडकी निघाली, तर फवारणी करा.

सुरुवात 5 टक्के निंबोळी अर्कानं. पायरेथ्रॉइड गटाच्या कीटकनाशकांची घाई नको, पांढरी माशी वाढते. पुढचं औषध कृषी सहायकाला किंवा नागपुरात वर्धा रोडवरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत विचारून घ्या. बिनबिलाचं चोरबीटी, म्हणजे परवानगी नसलेलं बियाणं, घेऊच नका. उगवलं नाही तर दाद कुठे मागणार?

कपाशीत तुरीच्या ओळी ठेवा. कापूस फसला तरी घरात डाळ असते. बोंड किडलं की नुसता कापूस जात नाही, सरकीही जाते, म्हणजे तेल आणि गाईची ढेपसुद्धा.

डिसेंबरअखेर कपाशी संपवा. पऱ्हाटी (कपाशीची वाळकी झाडं) उपटून श्रेडरनं बारीक करा. जळणासाठी धुऱ्यावर (बांधावर) गंजी रचू नका, अळी त्यातच सुप्त राहते.