मुलांना चेहऱ्यावरचे भाव टिपायला कसं शिकवाल?

आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या हातात आधी मोबाइल नको, आरसा द्या. खोटं खोटं हसायला सांगा: ओठ ताणले जातात, डोळे मात्र तसेच राहतात. खऱ्या हसण्यात गाल वर चढतात, डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडतात. एवढं दिसायला लागलं की निम्मं काम झालं.

आता मोबाइल. आजीला खिडकीशेजारी, उजेडाकडे थोडं तिरकं बसवा. घरातला दिवा बंद. मूल दीड मीटरवर, झूम दुप्पट, कॅमेरा आजीच्या डोळ्यांच्या उंचीला. मुलं हमखास जवळ घुसतात आणि नाक बटाट्याएवढं येतं. झूम न करता फार जवळ गेल्याचा हा परिणाम. फोकससाठी पडद्यावर जवळच्या डोळ्यावर बोट टेकवायचं.

"हस ना" म्हणायला बंदी! त्याऐवजी आजीला चिंचेचं बुटुक द्या आणि मुलाला सलग फोटो काढायला लावा. आंबट चेहरा क्षणभरच टिकतो. त्यामागून येणारं ओशाळं हसू बहुतेकदा त्याहून सरस, म्हणून लगेच थांबू नये. फोटो हलत असतील तर प्रो मोडमध्ये (कॅमेऱ्याच्या सेटिंग्ज स्वतः ठरवायचा पर्याय) शटरचा वेग १/२५० सेकंद.

वीसातले तीनच ठेवायचे. कुठले, ते मुलानं ठरवायचं. कुणाला पाठवायचे, ते आजीनं.