घाटात क्रूझर वळवताना: फूटरेस्ट घासू नये म्हणून काय करायचं

क्रूझर, म्हणजे बुटकी, पाय पुढे ठेवून चालवायची बाइक, घेताना शोरूममध्ये हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे ग्राउंड क्लिअरन्स किती. उत्तर मिलिमीटरमध्ये मिळतं: मीटिओर ३५० ला १७०, अ‍ॅव्हेंजर २२० ला १६९, सुपर मीटिओर ६५० ला १३५. हा आकडा सोसायटीच्या गेटवरच्या स्पीडब्रेकरपुरता कामाचा. गाडी सरळ असताना पोटाखाली किती जागा उरते, एवढंच तो सांगतो. वळणात गाडी तिरकी झाली की अडचण पोटाची नसते, बाजूला बाहेर आलेल्या लोखंडाची असते. फूटरेस्ट, सायलेन्सर, स्टँड, आणि आपल्याकडे बहुतेकांनी हौसेने बसवलेला क्रॅश गार्ड.

स्पोर्ट्स बाइक ४५ अंशांच्या पुढेही झुकू शकते. क्रूझरचं काहीतरी साधारण ३० अंशांच्या आसपासच टेकतं. कोरड्या, चांगल्या डांबरावर टायरची पकड तेव्हा संपलेली नसते. लोखंड आडवं येतं. म्हणून पसरणी किंवा आंबेनळी घाटात क्रूझर चालवायची तर हिशेब एकच: झुकावाचे हे मोजके अंश कुठे वाया जातात ते शोधायचं आणि वाचवायचे. त्यातले बरेचसे घाट सुरू होण्याआधीच, पार्किंगमध्ये वाचतात.

१. आधी काय टेकतं ते शोधा

गाडी सपाट जागी उभी करा, खाली वाका आणि दोन्ही बाजू वेगवेगळ्या बघा. दोन्हीकडची जागा सारखी असेलच असं नाही. डावीकडे साइड स्टँड असतो, उजवीकडे बहुधा सायलेन्सर. हार्ली-डेव्हिडसन तर आपल्या गाड्यांच्या माहितीत डावा आणि उजवा झुकाव स्वतंत्र देते.

टेकणाऱ्या वस्तू दोन जातींच्या. फूटरेस्ट बिजागरीवर असतो, टेकला की वर दुमडतो. त्याच्या टोकाखाली अनेक गाड्यांना एक लांब बोल्ट असतो, तो आधी घासून इशारा देण्यासाठीच. दुसरी जात न दुमडणाऱ्यांची: सायलेन्सरचा वाक, डबल स्टँडचा पाय, फ्रेमची नळी, क्रॅश गार्ड. यांपैकी एखादं जोरात टेकलं तर गाडीचा भार त्यावर जातो, चाक जमिनीवरून उचललं जातं आणि सावरायला काही उरत नाही. त्यामुळे पहिल्यांदा फूटरेस्टच टेकला पाहिजे. रुंद, खाली उतरलेला क्रॅश गार्ड त्याच्या आधी टेकत असेल तर तो काढून अरुंद बसवा. पाय वाचवायला लावलेल्या वस्तूने गाडी पाडणं हा कसला सौदा?

अंदाज घ्यायला एक सोपी पद्धत आहे. फूटरेस्टच्या टोकाच्या खालच्या कडेची जमिनीपासून उंची मोजा, आणि टायरच्या मध्यरेषेपासून बाजूला त्या टोकापर्यंतचं आडवं अंतर मोजा. उंची २० सेंटिमीटर आणि अंतर ३५ असेल तर झुकाव साधारण ३० अंश निघतो. हे माप स्वतः गाडीवर बसून, दुसऱ्याकडून घ्या. रिकाम्या गाडीचं माप फसवं असतं. का, ते पुढे येतं.

२. मागचे शॉकअप भारानुसार आवळा

माझ्या मते हे काम सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात कमी लोक करतात. मागे माणूस बसला, दोन बॅगा लागल्या की गाडी खाली बसते. वरच्या उदाहरणात फूटरेस्ट फक्त ३ सेंटिमीटर खाली आला तर ३० अंशांचे २६ होतात. गाडी अजून वळलेलीही नसते आणि चार अंश गेले. वळणात भार आणखी वाढतो: ३० अंश झुकलेल्या गाडीच्या शॉकअपवर सरळ रस्त्यापेक्षा साधारण १५ टक्के जास्त वजन येतं, म्हणजे ती अजून थोडी दबते.

बहुतेक जोड शॉकअपना स्प्रिंगखाली पाच-सहा खाचांचं कडं असतं. टूलकिटमधल्या अर्धगोल पान्याने ते फिरवता येतं. एकटे असताना जिथे असेल तिथून जोडीदार आणि सामान असताना दोन-तीन खाचा वर घ्या, आणि डावी-उजवी बाजू एकाच खाचेवर ठेवा. रस्ता थोडा कडक लागेल, चालतं. टायरमधली हवाही गाडीवरच्या स्टिकरप्रमाणे भरा. दोघांसाठी मागच्या टायरचा आकडा बहुधा वेगळा दिलेला असतो.

गाडी अजून बुटकी दिसावी म्हणून आखूड शॉकअप टाकणाऱ्यांना माझं सांगणं, मग घाटाचा नाद सोडा. उलट लांब शॉकअप टाकून उंची वाढवता येते, पण गाडीची वळायची सवय बदलते आणि साइड स्टँड आखूड पडून ती त्यावर फार तिरकी उभी राहते आणि कलंडू शकते. आधी कडं फिरवून बघा.

३. वेग वळणाच्या आधी उतरवा

झुकाव साधारण वेगाच्या वर्गाच्या हिशेबाने वाढतो, आणि तिथेच अंदाज चुकतो. २५ मीटर त्रिज्येचं वळण घ्या. ताशी ४० किलोमीटरला साधारण २७ अंश लागतात, ४५ ला ३२ ते ३३, आणि ५० ला ३८. काट्यावर फक्त दहा वाढले, पण क्रूझरची हद्द मध्येच कुठेतरी ओलांडली गेली. मागचा टायर रुंद असेल तर प्रत्यक्षात याहून थोडं जास्तच झुकावं लागतं. १२ मीटरच्या हेअरपिनला, म्हणजे जवळपास उलट फिरवणाऱ्या वळणाला, ३० अंश ताशी ३० लाच संपतात, म्हणून तिथे वीसच्या आसपासच राहा.

ब्रेक आणि गिअर, दोन्ही गाडी सरळ असताना उरका. पुढचा आणि मागचा ब्रेक मिळून वेग पुरेसा कमी करा, गिअर खाली घ्या, मगच हँडल वळवा. उतारावर हे आणखी आधी सुरू करा.

४. वळण जितकं मोठं करता येईल तितकं करा

त्रिज्या वाढली की झुकाव कमी. पण हे सगळं आपल्याच लेनमध्ये. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे डाव्या वळणात शिरताना लेनच्या उजव्या भागात राहा, वळणाचा शेवट दिसेपर्यंत आत घुसू नका, आणि मग डावीकडे या. फार लवकर आत शिरलात तर बाहेर पडताना गाडी समोरून येणाऱ्या एसटीकडे जाते, आणि ते टाळायला नेमकं तेव्हाच जास्त झुकावं लागतं.

उजव्या वळणात रस्त्याच्या डाव्या कडेने शिरा, पण कडेची खडी आणि वाळू सोडून. इथे एक गोष्ट सुटते: चाक मधल्या रेषेच्या आत असलं तरी झुकलेलं डोकं आणि खांदा रेषेपलीकडे गेलेले असतात. रेषेपासून हातभर लांब राहा. वळणात खड्डा किंवा डांबराचा उंचवटा दिसला तर त्याच्या आधीच गाडी थोडी सरळ करा; शॉकअप दबला की फूटरेस्ट तिथेच टेकतो.

५. गाडीपेक्षा स्वतःला जास्त झुकवा

तुमचं वजन आत गेलं की तेवढ्याच वेगाला गाडीला कमी झुकावं लागतं. क्रूझरवर पाय पुढे असल्याने रेसरसारखं सीटवरून लटकता येत नाही, आणि गरजही नाही. कंबर किंचित आत सरकवा, आतला कोपर वाकवा आणि हनुवटी आतल्या आरशाच्या दिशेने न्या. नजर वळण संपतं तिथे. हँडलचं आतलं टोक हलकं पुढे ढकललं की गाडी झुकते. डाव्या वळणाला डावं. बरेच जण याच्या उलट करतात: गाडी खाली दाबतात आणि स्वतः ताठ बसतात. पार्किंगमध्ये सावकाश गोल फिरताना ते ठीक, घाटात नाही.

पायाचा चवडा फूटरेस्टवर ठेवा. बुटाचं टोक ब्रेकखाली किंवा गिअरखाली लोंबत असेल तर लोखंडाआधी बूटच घासतो. मागच्याला एवढंच सांगा: वळणाच्या आतल्या बाजूने, माझ्या खांद्यावरून पुढे बघ आणि मध्येच हलू नकोस.

६. वळणात रेस एकसारखी ठेवा

झुकल्यावर हलकी, किंचित वाढत जाणारी रेस दिली की गाडी दबत नाही. मध्येच रेस एकदम सोडली तर पुढची बाजू खाली बसते आणि जागा कमी होते, म्हणजे घाबरून केलेली गोष्टच फूटरेस्ट टेकवते.

आणि घासलाच तर

खर्रर्र आवाज येतो, पायाला झटका बसतो. रेस सोडू नका, पुढचा ब्रेक पकडू नका, पाय उचलून बाहेर काढू नका. आवाज फूटरेस्टचा असेल तर तो इशारा आहे, अपघात नव्हे. वरचं शरीर आणखी आत न्या, नजर वळणाच्या शेवटाकडे ठेवा, आणि लेनमध्ये जागा असेल तर गाडी थोडीशी सरळ होऊ द्या. पुढच्या वळणाला पाच किलोमीटर कमी.

पावसाळ्यात यातलं एक गणित बदलतं. ताम्हिणीसारख्या ओल्या, शेवाळलेल्या घाटात लोखंड टेकण्याआधी टायर सुटू शकतो, त्यामुळे घासल्याच्या इशाऱ्याची वाट बघायची नाही, वेगच अर्धा करायचा.

घाट उतरल्यावर चहाला थांबाल तेव्हा एकदा खाली वाकून बघा. निघण्याआधी फूटरेस्टचा बोल्ट, सायलेन्सरचा वाक आणि स्टँडच्या पायाला नेलपॉलिशचा एकेक ठिपका लावला असेल तर कोणता पुसला गेला ते लगेच कळतं. बोल्टवरचा गेला तर ठीक. सायलेन्सर किंवा स्टँडवरचा गेला तर परतीच्या वाटेवर शॉकअप एक खाच वर घ्या आणि वेग कमी ठेवा. बोल्ट झिजून बुटका झाला की नवा टाका, कारण तो संपला की त्यानंतर आधी टेकणारी वस्तू दुमडणारीच असेल असं नाही.