फास्ट पण आरामदायी टूरिंग गाडी डिझाइन करायचीय? आधी हे ठरवा

सगळ्यात आधी टॉप स्पीड ठरवा, बाकी सगळं त्यावर अवलंबून. हवा कापायला लागणारी पॉवर स्पीडच्या घनात वाढते, म्हणजे ताशी २५० किमीवरून ३०० वर जायचं तर नुसत्या हवेसाठीच साधारण ७३ टक्के जास्त पॉवर, मग इंजिन मोठं, रेडिएटर मोठा, त्याला हवा द्यायला पुढची जाळी मोठी आणि ती जाळीच परत ड्रॅग, म्हणजे हवेचा अडथळा, वाढवते, घ्या!

मग वजन. डबल काच, साउंड इन्सुलेशन, मोटरवाल्या सीट, सगळं धरून २२०० किलो सहज होतात आणि २५० च्या स्पीडला एवढ्या गाडीत सुमारे ५३ लाख ज्यूल एनर्जी असते, ती ब्रेकनाच खायचीय. त्यामुळे ब्रेक साइज शेवटी बघू म्हणू नका, ब्रेक रिमच्या आत बसतात, त्यामुळे रिम त्यावरच ठरतं. रिम मात्र उगाच मोठं नको, टायरची साइडवॉल बारीक झाली की प्रत्येक खड्डा थेट पाठीत.

खरी डोकेदुखी सस्पेन्शनची. स्प्रिंग मऊ ठेवा, १.२ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे गाडी सेकंदाला साधारण १.२ वेळा वर-खाली होईल इतकी. वळणावर गाडी कलते म्हणून जाड अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांचं सस्पेन्शन जोडणारी, कलणं रोखणारी दांडी) टाकाल तर एकाच चाकाखाली खड्डा आला तरी दोन्ही बाजू हलतात, डोकं डावी-उजवीकडे डुलत राहतं. बेंटलीने कॉन्टिनेन्टल जीटीत यासाठी ४८ व्होल्टच्या मोटरवर चालणारा अ‍ॅक्टिव्ह बार दिला, सरळ रस्त्यावर सैल, वळणावर ताठ. भारी आहे, पण त्या मोटरचंही वजन आलंच, ते आधीच हिशोबात धरा.